कोकणातल्या लाइनवर डायल-अप: पैसे कुठे घालायचे नि कुठे नाही

(हे उत्तर २००५ नंतरच्या, विंडोज एक्सपी नि डायल-अपच्या दिवसांतलं, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने फोन लावून नेट चालायचं तेव्हाचं; यातले नंबर, सोयी नि सॉफ्टवेअर सगळं त्या वेळचं.) तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की देवगडच्या पुढे वाडीत घर, घरात लँडलाइन, एक्सपीवाला असेंबल केलेला पीसी, आतलं ५६ के मोडेम, तरी कनेक्ट झाल्यावर कधी ३१.२ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) दिसतं कधी २६.४, पाऊस लागला की लाइन सारखी तुटते, ब्रॉडबँड तुमच्या एक्सचेंजला अजून आलेलं नाही आणि हजाराच्या आत काय जमेल. शिवाय शेजारचा म्हणतो रॅम वाढवा आणि दुकानवाला स्पीड बूस्टरची सीडी गळ्यात मारायला बघतोय.

सीडी घेऊ नका. रॅम घ्यायची तर कॉम्प्युटरसाठी घ्या, नेटसाठी नको. आता बाकीचं सांगतो, लांबेल जरा, पण मी इकडे मोडेम नि कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो आणि "नेट स्लो आहे" म्हणून बोलावणं येतं तिथे बहुतेक वेळा पीसी उघडावाच लागत नाही, दोष बाहेर पडवीच्या वाशावर लोंबत असतो.

आधी तुमचे आकडे वाचू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. ५६ के म्हणजे व्ही.९० हे स्टँडर्ड १९९८ चं, त्यात येणारा स्पीड ५६ पर्यंत, जाणारा ३३.६ पर्यंतच, आणि येणारा स्पीड साधारण १.३३ च्या पायऱ्यांनी वाढतो, म्हणजे ४०, ४१.३, ४२.६, ४४ असे आकडे दिसतात. त्याच्या आधीचं व्ही.३४, ते २.४ च्या पटीत चालतं: २४, २६.४, २८.८, ३१.२, ३३.६. तुमचे दोन्ही आकडे दुसऱ्या यादीतले आहेत. म्हणजे तुमचं मोडेम ५६ के वर जायचा प्रयत्न करून, जमत नाही म्हणून जुन्या पद्धतीवर उतरून बसलेलं आहे. (कोणाला ११५.२ दिसत असेल तर खूश होऊ नका, तो कॉम्प्युटर नि मोडेम यांच्यातल्या पोर्टचा स्पीड, लाइनचा नाही.)

आता ते का उतरतं, तर मुख्य कारणं तीन. एक, तारेत आवाज, म्हणजे खरखर आहे. दोन, तार फार लांब आहे. तीन, एक्सचेंजपासून तुमच्यापर्यंत येताना मध्ये कुठेतरी आवाजाचं डिजिटल करून परत ॲनालॉग केलंय. ५६ के चालायला नेटवाल्याची बाजू पूर्ण डिजिटल लागते आणि सगळ्या वाटेत असा बदल एकदाच चालतो. पण वाड्या लांब आणि तारांच्या जोड्या कमी असल्या की एकाच जोडीवर दोन-चार फोन चालवायची पेटी बसवतात, लाइनमन त्याला पीसीएम म्हणतात, पेअर गेनही म्हणतात. तुमचा नंबर त्या पेटीवर असेल तर मोडेम सोन्याचं आणा, ३३.६ च्या वर आकडा जाणार नाही, बहुतेक २६.४ लाच अडकेल. लाइनमनला सरळ विचारा, "माझा नंबर पीसीएमवर आहे का?" तो सांगतो, लपवण्यासारखं काही नाही त्यात. असेल तर अर्ज करून मोकळ्या जोडीवर घ्यायचा प्रयत्न करा, जोडी शिल्लक असेल तर होतं.

पण तुमचा आकडा हलतो आणि पावसात लाइन तुटते, त्यावरून मला आधी संशय आवाजाचा. खात्री करायला एक वही घ्या नि चार-आठ दिवस रोज कनेक्ट झाल्यावर आकडा, वेळ आणि हवा लिहून ठेवा. पावसात पडतो नि ऊन पडलं की सुधारतो, तर जोडात पाणी जातंय. रोज आकडा तोच दिसतो पण संध्याकाळी पानं उघडत नाहीत, तर नेटवाल्याकडे गर्दी, आणि गणपतीत नि मे महिन्यात चाकरमानी आले की ती गर्दी वाढणारच, त्याला तुम्ही मी काही करू शकत नाही, पहाटे बसा. सदासर्वकाळ एकच आकडा, हवा कशीही असो, तर पीसीएम नाहीतर अंतर. आणि एकदा दुसऱ्या नंबरवरूनही लावून बघा, बीएसएनएलचे १७२२३३ आणि १७२२२२ असे दोन आहेत, दुसऱ्याला वेगळं अकाउंट लागत नाही, फोनच्या बिलातच लागतं. एका नंबरवर बरं नि दुसऱ्यावर वाईट असेल तर दोष तुमच्या तारेत नाही.

अंतराचंही सांगतो. जमिनीखालच्या केबलमधली तार अर्ध्या मिलिमीटरची असेल तर जाऊन-येऊन एका किलोमीटरला १६८ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स, ०.४ ची असेल तर पावणेतीनशेच्या घरात. एक्सचेंज बाजारपेठेत आणि तुमची वाडी दोन सडे ओलांडून, म्हणजे सिग्नल थकूनच येणार. ते बदलता येत नाही. पण म्हणूनच उरलेल्या शंभर-दोनशे मीटरमध्ये, म्हणजे खांबावरच्या डीपीपासून (घरोघरच्या तारा फुटतात ती पेटी) तुमच्या टेबलापर्यंत, आणखी वाटोळं होऊ द्यायचं नाही.

आता तार. कोकणात तारेचं जे होतं ते घाटावरच्या माणसाला कळत नाही. खारा वारा, वर्षातले चार महिने पाणी, आणि तांब्याच्या जोडाला हिरवा गंज. लोकांनी वायर कमी पडली की दोन टोकं पिळ घालून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, पहिल्या पावसात ती पट्टी सुटते, आत पाणी, वर्षभरात तो जोड हिरवा होऊन चुरा. फोनवर बोलायला तेवढं चालतं, कारण कानाला थोडी खरखर चालते, मोडेमला चालत नाही. दुसरं म्हणजे वायर खळ्यातल्या माडावरून नि फणसाच्या फांदीवरून ओढलेली, वाऱ्यात घासून वरचं प्लास्टिक गेलेलं, आणि पाऊस लागला की ओली फांदी टेकून एक तार थेट जमिनीला मिळते. मग फोनवर हम्म असा घुमणारा आवाज येतो, तो एका तारेला अर्थिंग मिळाल्याचा. आणि तिसरं, रोझेटचा डबा, म्हणजे बाहेरची तार घरातल्या वायरीला जोडतात तो, बरोबर पावळीखाली लावलेला! का ते देव जाणे, पण दहा घरांत बघा, चार घरांत तिथेच सापडेल.

तपासायचं कसं. साध्या फोनचा रिसीव्हर उचला, एकच आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबतो, आणि शांतपणे ऐका. पूर्ण गप्प पाहिजे. खरखर, कडकड, घुमणं, दुसऱ्याचं बोलणं, काहीही ऐकू आलं तरी मोडेमला ते दसपट त्रासाचं. मग घरातले सगळे पॅरलल फोन काढा, माजघरातला, माळ्यावरचा, आजोबांच्या खाटेजवळचा, नुसते ठेवून द्यायचे नाहीत, वायरच काढायची. मोडेम रोझेटपाशी नेऊन छोट्या वायरने थेट लावा आणि कनेक्ट करून आकडा बघा. आकडा चढला तर दोष तुमच्या घरातल्या वायरिंगमध्ये, ते तुमचं तुम्ही बदलू शकता नि त्यात खर्च फारसा नाही. रोझेटपासून कॉम्प्युटरपर्यंत एकच अखंड वायर टाका, दोन तारा एकमेकीला पिळलेली असते ती, चपटी नको, आणि ट्यूबचा चोक, इन्व्हर्टर, लाइटची वायर यांच्या बाजूने नेऊ नका. पॅरलल फोन ठेवायचाच तर एकच ठेवा.

आकडा चढला नाही तर दोष रोझेटच्या पलीकडे, तिथे आपण हात घालायचा नाही, १९८ ला कंप्लेंट. आणि इथे एक गोष्ट नीट ऐका, कंप्लेंट देताना "इंटरनेट स्लो आहे" असं सांगू नका. लाइनमन येतो, फोन उचलतो, हॅलो म्हणतो, फोन चालू आहे म्हणतो नि जातो, त्याची चूक नाही, त्याचं काम फोन चालवायचं. "लाइनीत खरखर आहे, पावसात हम येतो, बोललेलं कळत नाही" असं सांगा. तो आला की त्याच्याबरोबर डीपीपर्यंत चालत जा, चहा द्या, आणि जोड दाखवा. जेलीवाले यूवाय कनेक्टर म्हणून बारके कनेक्टर येतात, आत जेली भरलेली असते, दाबले की तार आत बसते नि पाणी शिरत नाही, किरकोळ पैशाची वस्तू. त्याच्या पिशवीत नसले तर तुम्ही चार आणून ठेवा. शक्यतो ड्रॉप वायर डीपीपासून रोझेटपर्यंत एकसंध नवीन टाकून घ्या, मध्ये जोडच नको. आणि आत शिरताना वायरला खाली एक झोका द्या म्हणजे पाणी झोक्यावरून गळतं, डब्यात जात नाही.

हे सगळं खरं तर आगोटीच्या कामात धरायचं. कौलं शाकारतो, लाकूडफाटा भरतो, तसा एक दिवस टेलिफोनच्या तारेला द्यायचा, फांद्या तोडायच्या नि जोड बघायचे. आता पाऊस लागलाय तर उघाडीचा दिवस बघून करा. साधा मल्टीमीटर असेल तर फोन ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी दिसायला हवं, फारच कमी असेल तर कुठेतरी गळती आहे. घंटी वाजत असताना मात्र उघड्या तारेला हात लावू नका, तेव्हा ७५ व्होल्ट एसी असतं, ओल्या हाताला चांगलाच झटका.

विजेचं राहिलंच. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात आपल्याकडे जी मोडेमं मरतात ती प्लगातून नाही, टेलिफोनच्या तारेतून. लोक पीसीचा प्लग काढतात नि फोनची वायर तशीच ठेवतात. आधी फोनची वायर काढा, मग बाकी. प्रोटेक्टर मिळतात पण त्यांना चांगली अर्थिंग लागते, आणि जांभ्यात केलेली अर्थिंग उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते, त्यामुळे माझा भरवसा वायर उपटण्यावरच.

मोडेमवर येऊ. तुमचं आतलं कार्ड बहुधा सॉफ्ट मोडेम, म्हणजे मोडेमचं बरंचसं काम प्रोसेसरच करतो. लाइन चांगली असेल तर त्याने काही बिघडत नाही. लाइन वाईट असेल तर बाहेरचं, सीरियल पोर्टला लागणारं हार्डवेअर मोडेम जास्त तग धरतं, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव, आणि ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आलं त्यांची जुनी मोडेमं आता रत्नागिरी-कोल्हापुरात पडून आहेत, ओळखीत विचारा, स्वस्तात मिळेल. पण आधी मागून आणून स्वतःच्या लाइनवर लावून बघा, मगच पैसे. नवीन घ्यायच्या आधी सध्याच्या कार्डाचा ड्रायव्हर चिपच्या नावाने शोधून नवा टाका, कधीकधी एवढ्यानेच लाइन तुटायची थांबते.

तुटण्यावर आणखी एक. फोन अँड मोडेम ऑप्शन्समध्ये मोडेमच्या ॲडव्हान्स्डमध्ये जादा कमांड लिहायची जागा असते, तिथे एस १० बरोबर ५० असं इंग्रजीत टाका. अर्थ असा की सिग्नल क्षणभर गेला तर लगेच फोन ठेवू नको, पाच सेकंद थांब. मूळची सेटिंग बहुतेक मोडेमांत दीडेक सेकंदाची असते. वीज चमकली, कडकड झाली, तर एवढ्या वेळात लाइन परत सावरते. आणि उद्या तार सुधारून तुम्ही ४० च्या वर गेलात पण मधूनमधून दहा-पंधरा सेकंद सगळं थिजतंय असं दिसलं, तर मोडेम पुन्हा पुन्हा जुळवाजुळव करतंय, अशा वेळी त्याला एमएस कमांडने मुद्दाम व्ही.३४ वर बांधून घाला. आकडा कमी दिसेल, काम जास्त होईल. कॉल वेटिंग असेल तर बंद करा, त्या टूं-टूं ने लाइन पडते.

आता २६.४ म्हणजे किती, तर आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला जेमतेम तीन केबी (किलोबाइट). एक एमबीला सहा मिनिटं. हे डोक्यात ठेवलं की पुढचं आपोआप कळतं. एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा, हा २६६ एमबी आहे, तो तुमच्या लाइनवर उतरवायचा तर न तुटता एक अख्खा दिवस नि रात्र लागेल, वर बिल. आणि तो तर पाहिजेच, कारण २००३ च्या ब्लास्टर सारखे किडे नुसतं नेटला जोडलं तरी घुसतात, आणि घुसलेला किडा तुमचे तीन केबी स्वतःसाठीच वापरतो. म्हणून असल्या मोठ्या वस्तू चिपळूण-रत्नागिरीच्या सायबर कॅफेतून सीडीवर आणायच्या, कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी येते त्यात असतात, किंवा कोण मुंबईहून येणार असेल त्याला सांगायचं. ऑटोमॅटिक अपडेट बंद करून आठवड्यातून एकदा हाताने, अँटीव्हायरसचंही तसंच. मेसेंजर, टूलबार, हवामान दाखवणारी खिडकी, जे जे घड्याळापाशी येऊन बसलंय ते बघा नि काढा. स्पायबॉट, म्हणजे चोरून माहिती पाठवणारी सॉफ्टवेअरं (स्पायवेअर) काढणारा प्रोग्राम, फिरवा. बूस्टरच्या जाहिराती करणाऱ्या काही सॉफ्टवेअरांतच स्पायवेअर निघतं, म्हणून ती सीडी नको म्हटलं.

त्या बूस्टरच्या सीडीत असतं काय, तर रजिस्ट्रीतले चार आकडे बदलायचे, एमटीयू (एका पाकिटात किती डेटा जायचा तो आकडा) वगैरे. त्याने एक्सपीत फरक पडला तर नावापुरता. आणि ती "विंडोज तुमचा २० टक्के स्पीड राखून ठेवतं" ही जी मेल फिरते ती थाप आहे, दुसरा कोणी प्रोग्राम मागतच नसेल तर पूर्ण लाइन तुम्हालाच मिळते.

खरा फरक पडतो तो ब्राउझरमध्ये. ऑपेरा २००५ च्या सप्टेंबरपासून फुकट, जाहिरातीशिवाय. त्यात चित्रं बंद-चालू करायचं बटण तिथेच समोर, आणि एक पर्याय असा की आधी उतरवलेली चित्रं दाखव, नवीन आणू नको. चित्रं बंद ठेवून बसा, पाहिजे ते चित्र तेवढं उघडा. फायरफॉक्स आवडत असेल तर ॲडब्लॉक नि फ्लॅशब्लॉक टाका, एकेका पानावर जाहिरातींचंच वजन मजकुराच्या कितीतरी पट असतं. सवय पण बदला, एक पान वाचत असताना पुढची दोन-तीन टॅबमध्ये लावून ठेवायची, वाचून होईपर्यंत ती आलेली असतात. मग फोन तोडून निवांत वाचा, मीटर पडत नाही. काही मराठी पेपरांच्या साइटी स्वतःचा फाँट मागतात, तो एकदाच उतरवून इन्स्टॉल करून ठेवा. मोठी फाइल असेल तर डाउनलोड मॅनेजर हवाच, तुटलं तर तिथूनच पुढे चालू होतं.

तुमचं मुख्य काम मेलचं आहे, आंब्याच्या ऑर्डरी नि भावाचे फोटो, म्हणजे ब्राउझरमधून मेल बघायचं बंदच करा. थंडरबर्ड किंवा आउटलुक एक्सप्रेस लावा, जीमेलचं पॉप, म्हणजे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय, फुकट आहे. उत्तरं फोन न लावता लिहायची, मग कनेक्ट, पाठवा-आणा, आणि काम झालं की आपोआप फोन ठेवायची सेटिंग आउटलुकमध्ये आहे ती लावा. ठराविक केबीच्या वरची मेल सर्व्हरवरच राहू दे असंही सांगता येतं. आणि फोटो, हा सगळ्यात मोठा चोर. भाऊ दुबईहून कॅमेऱ्यातला फोटो तसाच पाठवतो, एक एमबीचा फोटो मेलमध्ये जाताना तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगतो, म्हणजे तुमची आठ मिनिटं. त्याला सांगा, ६४० बाय ४८० करून पाठव, साठ-सत्तर केबीत बसतो, अर्ध्या मिनिटात येतो. एक्सपीत फोटोवर राइट क्लिक करून मेलने पाठवायला गेलं की ते स्वतःच विचारतं लहान करू का, नाहीतर इरफानव्ह्यू फुकट आहे, त्यात पन्नास फोटो एकदम लहान होतात. पेट्यांचे, बागेचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवताना तुम्ही पण हेच करा, समोरचाही डायल-अपवर असू शकतो. झिप करून फोटो लहान होत नाही, जेपीजी आधीच आवळलेला असतो, त्यामुळेच मोडेमचं स्वतःचं कॉम्प्रेशनही मजकुरावर चालतं नि फोटोवर नाही.

तारेने काहीच जमलं नाही, पीसीएमच निघालं नि जोडी शिल्लक नाही, तर तुमच्या वाडीत सीडीएमए वाला डब्ल्यूएलएल फोन, म्हणजे तारेशिवाय टॉवरवरून चालणारा, धरतो का बघा. डेटा केबल लावून #७७७ फिरवलं की नेट लागतं, कागदावर १४४ केबीपीएस, हातात त्याहून बरंच कमी, पण तुमच्या २६.४ पेक्षा नक्की जास्त. टॉवर डोंगराआड असेल तर विषय संपला, म्हणून आधी कोणाचा तरी सेट आणून माळ्यावर नि खळ्यात धरून बघा. आणि तारेवर केलेला खर्च वाया जात नाही, उद्या २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड तुमच्या एक्सचेंजला आलं तरी ते याच तांब्यावरून येणार, चार-पाच किलोमीटरच्या आत असलात तर, आणि खराब जोडावर ते डायल-अपपेक्षा जास्त रडतं.

सध्या एवढं करा: सगळे पॅरलल काढून, मोडेम थेट रोझेटवर लावून, एकदा कोरड्या दिवशी नि एकदा पावसात काय आकडा येतो तो कळवा, आणि कार्डावरच्या मोठ्या चिपवर काय नाव छापलंय तेही. ड्रायव्हरचं मग बघून सांगतो.